अर्धाच मंजूर झालेला राजीनामा

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, हे अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील अळणावरला सॉ मिलमध्ये कामाला आहेत. आमच्याकडं लिहिणं म्हणजे अर्ज. वर कुणाला ते, मधे कशासाठी ते, खाली सही. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं, आणि तेही त्याला न विचारता, हे मला दुसऱ्याच्या खिडकीत डोकावल्यासारखं वाटतं. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना मी पुरती तीन वर्षंसुद्धा ओळखत नव्हते. काही चुकलं तर ते माझं समजावं, त्यांच्या माथी मारू नये. दुसऱ्याच्या बोलण्यापायी त्यांना आधीच पुष्कळ सोसावं लागलं आहे.

मी त्यांना काका म्हणायची.

धारवाडला मळमड्डीत एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर ‘मुलींसाठी खोली’ असा कागद लावला होता, खाली मोबाईल नंबर. मी तो लिहून नेला. वडिलांनी अळणावरहून फोन लावला आणि दोन सेकंदांत बंद केला.

“कंपनीचा आहे गं. रेकॉर्ड वाजतंय.”

पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. “नमस्कार म्हणतंय, मग ‘बोला’ म्हणून गप्प बसतंय. नंबर चुकीचा लिहून घेतलीस बघ.”

नंबर बरोबर होता. शेवटी आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं धारवाडला आलो आणि विचारत विचारत ते घर गाठलं. दार उघडंच होतं. आत बघून वडील उंबऱ्यावरच थांबले. पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून सहा पलंग उभे केले होते. दवाखान्यात असतात तसले, लोखंडी, पायाकडचं हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर येणारे. प्रत्येकाला प्लास्टिक गुंडाळलेलं. कोपऱ्यात चाकाच्या खुर्च्या घड्या करून ठेवलेल्या. आणि या सगळ्याच्या मधे इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, पन्नाशीचे एक गृहस्थ आमच्याकडं बघत उभे होते. पुढं येताना त्यांचा उजवा हात छातीवर गेला, गळ्यातलं ओळखपत्र सावरावं तसं काहीतरी चाचपलं, तिथं काही नव्हतं, हात खाली आला. मग तोंडातली लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सारून ते आत बघत बारीक आवाजात म्हणाले, “अक्का, पोरगी आलीय.”

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून ती भावाकडंच राहायची. मागची खोली तीच भाड्यानं देत होती.

“फार बोलत नाही तो,” अक्का वडिलांना म्हणाली. “घाबरू नका, मुका नाही.”

“मग कागदावर नंबर कुणाचा?”

“त्याचाच. तो उचलतोय की. लोकच ठेवून देतात.”

वडील परतताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई चांगली आहे. माणसाचं मला काही कळलं नाही. दाराला कडी घालून अभ्यास कर.”

मला सगळं कळायला दोन महिने लागले, तेही अक्कानं शेंगा फोडता फोडता सांगितलं तेव्हा. काका सतरा वर्षं हुबळीला एका आरोग्य विमा कंपनीत होते. मुख्य ऑफिसला एकदा मदतीच्या फोनसाठी मराठी आवाज हवा होता. शुद्ध, शांत, पुरुषाचा. काकांना निवडलं. भिंतींना घोंगडी लावलेल्या एका खोलीत दोन दुपारी बसून त्यांनी समोर ठेवलेले कागद वाचले. आकडे, महिने, गावांची नावं, आजारांची नावं. ‘आपली विनंती प्रक्रियेत आहे.’ ‘कृपया प्रतीक्षा करा.’ मग एका कागदावर सही केली. त्या सहीनं तो आवाज कायमचा कंपनीचा झाला, हे त्यांना फार उशिरा समजलं.

पुढं अक्काचे यजमान दवाखान्यात होते तेव्हा अक्का पॉलिसीसाठी फोन कानाला लावून बाकावर बसली होती. शेजारी काका. काका तिला काहीतरी सांगायला लागले तर तिनं हात वर करून त्यांना गप्प केलं.

“मी म्हटलं, थांब रे जरा, तू बोलतोयस,” अक्का म्हणाली. “माझ्या तोंडून निघून गेलं. त्याचा चेहरा बघायला पाहिजे होतास. दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आला.”

नोकरी सोडून काकांनी हा धंदा काढला. घरी आजारी माणूस असेल त्याला पलंग, खुर्ची, वॉकर भाड्यानं द्यायचं. अक्काच्या यजमानांसाठी तेव्हा असला पलंग मिळाला नव्हता, त्यातून त्यांना सुचलं. धंदा चांगला होता, गरज खरी होती. पण तो फोनवर चालायचा, आणि काकांनी फोन उचलून “नमस्कार” म्हटलं की पलीकडचा माणूस ठेवून द्यायचा. काही जण ठेवत नसत. ते बटण दाबत. काकांच्या कानात ‘टूं’ असा आवाज यायचा.

“लोक मला दोन दाबतात,” काका म्हणायचे. ते हे हसण्यासाठी सांगत नसत.

लवंग त्यासाठी होती. लवंग गालात धरून, आवाज चिरका करून ते बोलत. त्यानंही जमत नसे, उलट लोकांना हा माणूस काहीतरी लपवतोय असं वाटे. दर महिन्याच्या एक तारखेला ते कंपनीला पत्र लिहीत: माझा आवाज वापरणं थांबवावं, ही विनंती. मीच ती पत्रं पोस्टात टाकून येत असे. पोचपावत्या परत येत, उत्तर कधी आलं नाही. त्यांना एवढंच हवं होतं. तिकडचा आवाज थांबावा, म्हणजे इकडं आपल्याला तोंड उघडता येईल.

व्हिजिटिंग कार्ड छापायला गेले तेव्हा प्रेसवाल्यानं विचारलं, नावाखाली हुद्दा काय लिहू? काका बराच वेळ विचार करून “राहू दे” म्हणाले. नावसुद्धा राहिलं. त्यांच्या कार्डावर पलंगाचं चित्र होतं आणि नंबर.

रोज सकाळी साडेनऊला, म्हणजे ऑफिस सुरू व्हायच्या वेळेला, पोह्यांची बशी समोर घेऊन काका कंपनीच्या नंबरवर फोन लावत आणि मोबाईल टेबलावर ठेवत. ‘मराठीसाठी दोन दाबा’ असं काकांचाच आवाज सांगायचा. काका दोन दाबत. समोर काका पोहे चावत असायचे आणि टेबलावरून काका बोलत असायचे. सगळं ऐकून झालं की फोन बंद करून ते म्हणत, “तो हजर आहे.”

“इन्क्रिमेंट मिळालं का विचार की त्याला,” अक्का आतून ओरडायची.

काका शांतपणे म्हणत, “माझा राजीनामा अर्धाच मंजूर झाला, अक्का.”

एकदा पावसाळ्यात ऐकता ऐकता ते थांबले. “आज घसा बसलाय त्याचा.” मी कान देऊन ऐकलं. रेकॉर्ड केलेला आवाज बदलत नसतो हे मला कळतं. पण त्या दिवशी तो मला खरंच बसलेला वाटला. हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नाही.

दुपारी घरात कुणी नसलं की मी पुढच्या खोलीत जायला टाळाटाळ करायची. उन्हानं लोखंड तापलं की उभे पलंग कुरकुरत, कुणी कूस बदलावी तसे. काका मेलं, गेलं, वारलं असे शब्द वापरत नसत. ‘सप्तापूरचा पलंग परत आला,’ एवढंच म्हणत, आणि मग तो अंगणात नेऊन सोड्याच्या पाण्यानं स्वतः धूत.

हळूहळू फोन मी उचलायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते रिंग वाजून बंद होणं ऐकवत नव्हतं. सुरुवातीला फार भीती वाटायची. माझं मराठी अळणावरचं, मधेच कन्नड येणार. म्हणून मी एक वाक्य पाठ केलं आणि प्रत्येकाला तेच म्हणायला लागले. तिसऱ्या फोनला काकांनी टेबलावर टिचकी मारली.

“हे काल बोललीस.”

“मग काय म्हणू?”

“काहीही. कालचं सोडून.”

हा त्यांच्या धंद्याचा एकच नियम होता. एकदा बोललेलं वाक्य पुन्हा बोलायचं नाही. सुरुवातीला मला तो छळ वाटला. रोज नवीन वाक्य कुठून आणायचं? कधी “हां, सांगा” म्हणायची, कधी नुसतं “काय झालं?” एका सकाळी काही सुचेना तेव्हा तोंडातून गेलं, “कोण आजारी आहे?” पलीकडची बाई रडायलाच लागली. काका माझ्याकडं बघत होते. त्यांनी टिचकी मारली नाही, पण दुसऱ्या दिवशी तेच विचारायला लागले तेव्हा मारली.

आता जुन्या हुबळीचं सांगते. हे सांगायचं नसतं तर बाकीचं लिहिलंच नसतं.

एका भांड्याच्या दुकानदाराच्या आईसाठी पलंग न्यायचा होता. त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मीही टेंपोत बसले. बोळ इतका अरुंद की पलंग सुटा करून न्यावा लागला. आत आजी खाटेवर पडून होत्या, डोळे मिटलेले. आम्ही शेजारी पलंग जोडला, काका आणि आजींचा मुलगा, तो दुकानदार, दोघांनी मिळून आजींना उचलून त्यावर ठेवलं. मुलगा म्हणाला, “बेताबेतानं अण्णा.” काका हँडल फिरवायला लागले तर ते अडकलं. त्यांनी मला हातानं काहीतरी खुणावलं, मला समजेना. तोंडातली लवंग कधी पडली कुणास ठाऊक, पण ते स्वच्छ आवाजात म्हणाले, “जरा डावीकडं सरकून घे.”

आजी डोळे न उघडता म्हणाल्या, “दोन.”

आम्ही सगळे थांबलो. मग त्या एकेक आकडा म्हणायला लागल्या. दहा-बारा आकडे, कुठंही न अडखळता. शेवटचा म्हणून झाल्यावर त्यांनी विचारलं, “पुढं?”

मुलगा ओशाळून हसला. “पॉलिसीचा नंबर आहे. आम्ही दुकानात असायचो, ती महिनाभर रोज फोन घेऊन बसायची. तोंडपाठ झालाय तिला.”

काका हातात पाना धरून उभे होते. आता ते बाहेर निघून जाणार असं मला वाटलं. ते आजींच्या डोक्याशी गुडघ्यावर बसले.

“आजी, तुमचं नाव सांगा.”

आजींनी पुन्हा आकडे म्हटले.

“नंबर नको. बोला, मी ऐकतोय. तुमचं नाव सांगा.”

 मग आजी एक नाव म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हता. दहा-बारा वर्षांच्या मुलीनं शाळेत हजेरीला सांगावं तसा होता. 

“हे आईचं नाव नाही,” मुलगा म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा बदलला. “लग्नाआधीचं आहे. मी फक्त मामाच्या तोंडून ऐकलंय.” तो काकांकडं बघत राहिला. “थांबा. फोनवर बोलणारे तुम्हीच काय?”

काकांनी पाना खाली ठेवला.

“रोज प्रक्रियेत आहे, प्रक्रियेत आहे म्हणून सांगत होता, ते तुम्हीच?” त्यानं काकांची कॉलर धरली.

“नाही हो,” मी मधे पडले, “ते कंपनीचं मशीन आहे, काकांनी नोकरी कधीच...”

काकांनी मला हातानं थांबवलं. “होय,” ते म्हणाले. “मीच.”

मुलाची पकड सैल झाली. तो भांडायला तयार होता, पण समोरून भांडण आलंच नाही. कॉलर सोडून तो म्हणाला, “मग आता तरी बसा तिच्याजवळ.”

काका तासभर बसले. आजी शाळेबद्दल, कुठल्याशा विहिरीबद्दल काहीबाही बोलत होत्या आणि काका विचारत होते, मग? पुढं काय झालं? परतताना टेंपोत त्यांनी लवंग घेतली नाही. उणकलच्या तळ्यापाशी आल्यावर म्हणाले, “मी इतके दिवस म्हणत होतो, तो वेगळा, मी वेगळा. पण त्या बाई महिनाभर कुणाशी बोलत होत्या गं?”

 पाच दिवसांनी तो पलंग परत आला.

त्यानंतर आठवडाभर काका लवंगेशिवाय बोलत होते. दोन-तीन फोन त्यांनी स्वतः घेतले. लोकांनी ठेवून दिले, तरी ते पुन्हा लावत. मला वाटलं, आता सुटले.

मग एक सकाळ आली. साडेनऊला नेहमीप्रमाणं त्यांनी फोन लावला, टेबलावर ठेवला. मराठीसाठी दोन दाबा, असं या वेळी आलं नाही. थोडी शांतता, आणि मग काकांचा आवाज म्हणाला, “नमस्कार. बोला, मी ऐकतोय. तुमचं नाव सांगा.”

काकांचा हात पोह्यांच्या बशीवर तसाच राहिला. अक्का हात पुसत बाहेर आली.

“हे कधी बोललास तू?”

“कंपनीत नाही.”

“मग?”

“जुन्या हुबळीत,” काका म्हणाले.

कॉम्प्युटर सायन्सच्या एका मैत्रिणीनं मला नंतर समजावून सांगितलं. जुन्या रेकॉर्डिंगवरून आता मशीन कुठलीही नवी वाक्यं त्याच आवाजात तयार करतं, आणि असली मशीनं सगळ्यांनाच आधी नाव विचारतात. त्यात भुताखेताचं काही नाही. मला ते पटलं. पण तेच शब्द, त्याच क्रमानं, त्याच आठवड्यात कसे आले, याचं तिच्याकडं उत्तर नव्हतं, आणि मी फार खोदून विचारलंही नाही.

त्या सकाळी काकांनी फोनकडं वाकून आपलं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

“आमच्याकडे या नावाची कोणतीही नोंद आढळली नाही,” त्यांचा आवाज म्हणाला. “तुमचं नाव पुन्हा सांगा.”

काकांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर पलीकडून काहीच आलं नाही. फक्त कुणीतरी ऐकत असल्यासारखा श्वास. अक्का अजून म्हणते की तो इकडच्याच काकांचा होता. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मला तसं वाटलं नाही.

काकांनी फोन बंद केला, आणि त्या दिवसापासून तो नंबर कधी लावला नाही. पण बोलणंही बंद केलं. लवंग घालूनसुद्धा नाही, अक्काशीसुद्धा नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दाखवत. धंदा माझ्या फोनवर कसाबसा चालत होता, आणि माझं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. मी गेल्यावर फोन कोण उचलणार, हा प्रश्न घरात सगळ्यांना दिसत होता आणि कुणी काढत नव्हतं. एकदा अक्का चिडून म्हणाली, “सोड हे पलंग. परत नोकरी धर. तिथं निदान बोलत तरी होतास!”

काकांनी कागद ओढून लिहिलं: ‘तिथं जागा रिकामी नाही.’

एक तारखेचं पत्र मात्र चुकलं नाही. परीक्षा झाल्यावर मी सामान बांधलं त्या दिवशीही त्यांनी माझ्या हातात पाकीट दिलं. स्टेशनला जाताना मी ते टाकलं. निरोप घेताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ओठ हलले, आवाज आला नाही.

आता मी पुढच्या शिक्षणासाठी बेळगावात आहे. मधे सात-आठ महिने गेले. अक्काशी सणावाराला बोलणं व्हायचं. तिला लोकांचे फोन घ्यायला जमत होतं, असं ती म्हणायची. पलंग किती बाहेर आहेत हे मात्र सांगायची नाही. मागच्या आठवड्यात मी वर्गातून बाहेर पडत होते, तेव्हा तिचा फोन आला.

“पत्र आलं गं कंपनीचं.”

“काय म्हणतात?”

“दोन ओळी आहेत. गेल्या महिन्याच्या एक तारखेपासून तुमचा आवाज वापरातून काढून टाकला आहे, माहितीसाठी कळवतोय. संपलं.”

“काका काय म्हणाले?”

“काय म्हणणार? वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि उठून मोरीत गेला. कपड्यांसकट डोक्यावरून भसाभसा पाणी ओतून घ्यायला लागला. मी दाराशी जाऊन विचारतेय, अरे कोण गेलं, कोण गेलं?” लांबच्या नात्यात कुणी गेल्याची बातमी उशिरा कळली की सुतक धरत नाहीत, नुसती अंघोळ करून मोकळे होतात. अक्कानं त्यांना तशी अंघोळ करताना पाहिलं होतं.

“मग?”

“मग काय, मी आत आले. तव्यावर पोळी होती. जरा वेळानं मोरीतून कुणीतरी टॉवेल मागितला, आवाज काही ओळखू येईना. मी आतूनच विचारलं, ‘यार्री?’”

आमच्याकडं दाराशी परका माणूस आला की कन्नडमध्ये असं विचारतात: कोण आहे हो? घरच्या माणसाला कुणी तसं विचारत नाही.

“काय म्हणाले ते?”

“म्हणाला, ‘मीच गं, अक्का.’”

पलीकडं तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग अक्का म्हणाली, “तो जन्मल्यापासून ऐकतेय गं मी त्याला. तरी गॅस बंद केला आणि बघून आले.”